मी सध्या कुठे राहते

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती मेल आली तेव्हा मी आईशेजारी बसून गवार मोडत होते. देवावर माझा विश्वास आहे का, असं त्या सकाळी कुणी विचारलं असतं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. आई दर गुरुवारी देवळात जाते म्हणून मीही जायचे, हात जोडायचे, परत यायचे. मागणं ठरलेलं असायचं. आधी मार्क, मग स्कॉलरशिप, मग व्हिसा. त्या मंगळवारी मात्र काय मागावं हेही सुचेना.

मेल अमेरिकेतल्या माझ्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची होती. तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं आहे, तुम्ही तिथे प्रत्यक्षात कुठे राहता आणि कधीपासून, हे पाच कामाच्या दिवसांत लेखी कळवा, असं त्यात होतं. उत्तर समाधानकारक नसेल तर तुमचं विद्यार्थी म्हणून असलेलं रेकॉर्ड बंद होऊ शकतं आणि तोवर परतीच्या प्रवासाला लागणाऱ्या कागदावर आमची सही मिळणार नाही. मी सुट्टीसाठी घरी आले होते. परतीचं विमान पंधरा दिवसांवर होतं आणि शेवटचं वर्ष बाकी होतं. पासपोर्टवरचा व्हिसा कितीही ठळक असला तरी हे रेकॉर्ड बंद झालं की तो नुसता कागदाचा तुकडा उरतो, हे आम्हाला तिकडे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याच दिवशी हेही सांगितलं होतं की घर बदललं तर दहा दिवसांच्या आत कळवायचं. मी अकरा महिने कळवलं नव्हतं. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक फॉर्म यायचा, त्यात ‘पत्ता तोच आहे का’ असा प्रश्न असायचा आणि मी दोन्ही वेळा ‘हो’वर खूण केली होती.

असं का केलं, हे मला सांगायला हवं. आमची लालबागची चाळ चार वर्षांपूर्वी पाडली. तिथे टॉवर होणार आणि त्यात आम्हाला घर मिळणार, तोवर आम्ही परळला ट्रान्झिट कॅम्पात राहतो. चाळ रिकामी केली त्या दिवशी पप्पांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. पप्पा शिवडीला एका गोदामात मुकादम आहेत, घरात फार बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “कागदावरचो पत्तो बदलूचो नाय. आज बदललास तर उद्या ते म्हणतले, तुमची खोलीच नव्हती.” तेव्हापासून रेशन कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे आम्ही त्या पाडलेल्या चाळीतच राहतो. माझा पासपोर्ट व्हिसा लागून आला तोही तिथेच. पत्र्याच्या कुंपणासमोर एका वाण्याचं दुकान आहे, ते काका आमच्या चाळीची टपालं बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. मी अमेरिकेचा व्हिसा त्या डब्यातून उचलला आहे.

अशा घरात वाढलेल्या मुलीने पहिल्या वर्षानंतर लॅबजवळच्या एका आजीबाईंच्या तळघरातली खोली घेतली आणि कॉलेजकडे पत्ता आधीच्या भाड्याच्या घराचाच ठेवला. कुणाला फसवायचं मनातही नव्हतं. पत्ता बदलला की काहीतरी हातचं जातं, ही भीती अंगात मुरली होती. पण नियमाला माझी भीती ठाऊक नव्हती, आणि खूण तर मीच केली होती.

माझा मावसभाऊ परळच्या एका ऑफिसात लोकांची परदेशी कागदपत्रं बघतो. संध्याकाळी त्याला बोलावलं. त्याने मेल वाचली आणि चहाचा कप खालीही न ठेवता निकाल दिला. “गेल्या महिन्यात शिफ्ट झाले, एवढं टाक ना. तिकडे कोण तुझी खोली बघायला येतंय?” मी म्हटलं, ते खोटं आहे. तो हसला. “हो, आणि खरं बोलून हरिश्चंद्र राज्य घालवून बसला, तेही खरंच आहे.” आईला त्याचं पटलं. पप्पांनीही मान डोलावली. त्या रात्री मी उत्तर त्याने सांगितलं तसं लिहिलंही. फक्त पाठवायचं बटण दाबलं नाही. बुधवारही तसाच गेला.

गुरुवारी सकाळी आई म्हणाली, फणसवाडीत जाऊन ये. लग्नाआधी ती तिथे राहायची. एका गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं देऊळ आहे, नडीला तो देव उभा राहतो असं तिच्या माहेरी मानायचे. मी गेले ते खरं तर घरातून बाहेर पडायला मिळावं म्हणून. मनात ठरवलं होतं की परत आल्यावर ते उत्तर पाठवून टाकायचं.

देवळात एक म्हातारे गुरुजी अभिषेकाची तयारी करत होते आणि बाकावर साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मला पाहून त्या म्हणाल्या, “अगं, मला खाली बसवत नाही. माझ्या मुलासाठी अभिषेक आहे. माझ्या वतीनं बसशील का?” नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी पाटावर बसले. गुरुजींनी हातावर पळीभर पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला. ज्यांनी कधी केला नसेल त्यांच्यासाठी सांगते, पूजेआधी आपण कोणत्या काळात, कोणत्या जागी आहोत आणि कोणासाठी हे करतो आहोत, ते देवापुढे उच्चारायचं असतं. गुरुजी मधेच थांबले आणि बाईंना विचारलं, चिरंजीव अजून त्याच गावी का? बाई म्हणाल्या, “नाही हो, गेल्या महिन्यात बदललं त्यानं. लिहून आणलंय.” पर्समधून चिठ्ठी निघाली. ते परदेशी नाव संस्कृतात बसवायचा गुरुजींनी दोनदा प्रयत्न केला. मला हसू आलं. बाईंनी ते पाहिलं. “हसतेस काय? देवाची खेप फुकट जायला नको.”

गुरुजीही हसले. म्हणाले, “देव बरोबर पोचतो हो. आपण कुठे आहोत ते आपल्या तोंडून यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “हात तुझा आहे, तर तुझंही नाव घेऊ. राहणार कुठे?”

नाव सांगितलं. गोत्र मला माहीत नव्हतं, त्यांनी काश्यप धरलं. राहणार लालबाग, असं सवयीने तोंडून गेलं आणि मी तिथेच अडखळले. लालबागला तर आता पत्रे आणि खड्डा आहे. गुरुजी थांबून होते. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटीतून झिरपत होतं आणि मला एकाएकी वाटलं की हे पाणी संपायच्या आत मला खरं बोललं पाहिजे. का वाटलं ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, “लालबागला नाही. परळला, ट्रान्झिट कॅम्पात. आणि एरवी अमेरिकेत, एका आजींच्या घराच्या तळघरात. गेल्या ऑगस्टपासून.” माझ्या पत्त्याबद्दल एवढं खरं मी कधी कुणापुढे सलग बोलले नव्हते. जसं सांगितलं तसं गुरुजींनी उच्चारलं आणि पाणी सोडायला सांगितलं. मी सोडलं.

अभिषेक झाल्यावर बाईंनी मला बाकावर शेजारी बसवलं. तळघरात राहते म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, काय झालंय ते सांग, म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, मावसभावाच्या उत्तरासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग कळलं की त्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेतून निवृत्त झाल्या होत्या. कर्मचाऱ्यांना नोटीस गेली की ती उत्तरं बाईंच्याच टेबलावर यायची.

“म्हणजे तुला खुलासा द्यायचाय,” त्या म्हणाल्या. “मग रडतेस कशाला? तीस वर्षं मी लोकांचे खुलासे वाचलेत. चूक पहिल्या ओळीत लिहायची. खाली दडवलेली चूक साहेबाला आधी दिसते. कारण एकदाच लिही. दुसऱ्यांदा लिहिलंस की ती सबब होते.”

देवळात उत्सवाची छापील पत्रकं पडली होती. त्यातल्या एकाच्या कोऱ्या बाजूवर मी तिथेच बसून लिहिलं. पहिली ओळ: मी गेल्या ऑगस्टमध्ये घर बदललं, कळवलं नाही, आणि फॉर्मवर दोनदा चुकीची खूण केली. मग नवीन पत्ता. मग आमच्या चाळीबद्दल तीन वाक्यं. बाईंनी त्यातलं एक खोडायला लावलं, कारण त्यात मी स्वतःची कीव केली होती.

घरी आले तेव्हा पप्पा जेवायला आले होते. मी म्हटलं, मी खरं लिहिणार आहे, आणि आपल्या चाळीचंही लिहिणार आहे. त्यांचा हात ताटावर थांबला. आपल्या खोलीवर त्याने काही होणार नाही, घरचा कायमचा पत्ता तोच राहणार, हे मी दोनदा समजावलं. आई घाबरून म्हणाली, आणि त्यांनी नाही घेतलं परत तर? मी म्हटलं, तर मी इथे आहे. पप्पा हात धुऊन आले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, “बाय, दोन पत्ते लिवलेलो खोको गोदामातसून हलना नाय. तू तुझा लिव.” आणि कामावर गेले. त्या माणसाला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. संध्याकाळी सात वाजता मी मेल पाठवली.

नंतरचे चार दिवस मी बॅग भरत होते. रेकॉर्ड राहील की जाईल हे माहीत नसताना कपड्यांच्या घड्या घालणं विचित्र वाटत होतं, पण हात रिकामे ठेवले तर मन वाहवत जाईल हे कळत होतं. रोज देवापुढे उभी राहायचे आणि जुन्या सवयीने ‘होऊ दे’ असं ओठांवर यायचं. मग ते आवरायचे. मला सांगायचं होतं ते मी सांगितलं आहे, आता तू ठरव, एवढंच म्हणायचे. पहिल्या रात्री ते म्हणूनही दोन वाजेपर्यंत जागी होते. चौथ्या रात्री त्याच शब्दांनी झोप लागली.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, कार्यालयातल्या सल्लागार बाईंनी व्हिडिओवर बोलावलं. आईने कुकर बंद केला आणि शेजारच्यांना टीव्ही बारीक करायला सांगून आली. बाई कडक होत्या. दहा दिवसांचा नियम त्यांनी मला वाचायला लावला. मग टेबलावरून एक पाकीट उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. तेच परत आलेलं पत्र होतं. त्यावर माझ्या पहिल्या घरमालकाने पेनाने लिहिलं होतं की ही मुलगी गेल्या ऑगस्टमध्येच इथून गेली. त्या म्हणाल्या की हे पाकीट पहिल्या दिवसापासून त्यांच्याजवळ होतं. तुम्ही गेल्या महिन्यात घर बदललं असं लिहिलं असतं, तर मला काहीही करता आलं नसतं. तुमची पहिली ओळ आणि या पाकिटावरची ओळ एकच निघाली, म्हणून आज आपण बोलतो आहोत.

माझ्या फाइलमध्ये लेखी ताकीद लागली. पुन्हा असं झालं तर कार्यालय मदत करणार नाही, हे स्पष्ट सांगितलं गेलं. पत्ता दुरुस्त झाला आणि बुधवारी सही केलेला नवा कागद आला. सोमवारी कॉल संपल्यावर मी पडद्याआडून सगळं ऐकणाऱ्या आईकडे पाहिलं तर ती कुकर पुन्हा लावायला निघाली होती. मग मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, तुझी मेल मला पाठव, मला फॉरमॅट हवाय.

निघायच्या आधीच्या गुरुवारी मी पेढे घेऊन फणसवाडीत गेले. त्या बाई नव्हत्या. मुलाच्या जन्मतिथीला, महिन्यातून एकदाच येतात, म्हणजे आता पुढल्या महिन्यात, असं गुरुजी म्हणाले. मी त्यांचं नाव विचारलं. गुरुजींना आठवेना. इतकी वर्षं त्यांनी फक्त मुलाचंच नाव उच्चारलं होतं. मी पेढे त्यांच्यापाशी ठेवले आणि सांगितलं, त्यांना म्हणावं, खुलासा मंजूर झाला.

त्या दिवशी देवळात त्या बसल्या नसत्या, त्यांचा गुडघा दुखत नसता, त्यांच्या मुलाने घर बदललं नसतं, तर मी घरी जाऊन ते दुसरं उत्तर पाठवलं असतं. याला योगायोग म्हणायचं की कृपा, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं मला कळलं ते एवढंच. शरण जाणं म्हणजे सगळं देवावर टाकून मोकळं होणं, असं मी समजत होते. पण आधी आपल्या वाट्याचं खरं, कितीही लाज वाटली तरी, आपल्याच तोंडाने त्याच्यापुढे ठेवावं लागतं. तेवढं झालं की पुढचं त्याच्याकडे सोपवताना हात खरोखर हलके होतात. मी पूर्वी त्याच्याकडे नुसतं मागत होते. आता त्याला सांगते, आणि मग निमूट थांबते.

ऑक्टोबरमध्ये तळघरवाल्या आजी मुलीकडे राहायला गेल्या आणि मला पुन्हा खोली बदलावी लागली. सामान नव्या खोलीत टाकलं, पेट्या उघडल्याही नाहीत, आणि चालत कार्यालयात गेले. सल्लागार बाईंनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुला दहा दिवस आहेत. मी म्हटलं, हो, माहीत आहे. आणि फॉर्म भरायला घेतला.