काजळीचं पातळ

देवावर माझा विश्वास होता असं मी म्हणणार नाही. शाळेतल्या प्रार्थना इंग्रजीतून पाठ होत्या, पण मनापासून बोलायला शब्द नव्हते. आई गेल्यावर मात्र मी रोज परळमागच्या टेकडीवर जायची. तिथे एका जाड सालीच्या झाडाखाली शेंदूर लावलेली शिळा होती, आईची देवी. तिच्यासमोर मी गप्प बसायची. तेवढंच मला जमायचं.

त्या माघात टेकडी पेटली. दोन दिवस वाळलेलं गवत आणि करवंदीच्या जाळ्या धडधडा जळत होत्या. बंबाचा पाइप पायथ्याशीच संपला. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची, मुंगसं चाळीच्या जिन्यात शिरायची, आणि धुरातून पळणारे टोळ टिपायला घारी गोल फिरायच्या. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा पायाखाली सगळं काळं होतं. भारद्वाजाचा घुमणारा आवाज थांबला होता. शिळा तडकली होती, झाड कोळशासारखं उभं होतं. मी देवीला पहिल्यांदा काही बोलले, तेही रागाने: "स्वतःचं झाडसुद्धा राखता आलं नाही तुला?"

होळीच्या दिवशी आमच्या चाळीचे दाजी चौघांना घेऊन कुऱ्हाडीसह वर आले. मी झाडाला पाठ टेकून उभी राहिले.

"ए कॉन्व्हेंट, सरक. मेलंय ते. होळीला तरी उपयोगी पडू दे."

"नाही सरकणार."

"अरे वा, बोलते की ही! आम्हाला वाटलं, शाळेत जीभ जमा करून घेतात."

सगळे हसले. मी सगळं अंग खोडावर टाकलं. "दाजी, मुंबईसाठी सत्याग्रहाला बसता तेव्हा पोलिसांनी उठवलं तर उठता का तुम्ही?" मी म्हणाले. "मग मीही नाही उठत."

दाजींचा चेहरा उतरला, पण त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली नाही. तेवढ्यात उतारावरून जळकी काटकं गोळा करणारी एक बाई आली. नऊवारी, कमरेला कोयती. तिने मला बाजूला केलं नाही. माझ्या खांद्याशेजारी सालीवर कोयतीने हलकी खाच पाडली. आत लालबुंद, ओलं.

"कुंभो हा ह्यो," ती दाजींना म्हणाली. "आमच्या डोंगरार दर वरसा वणवो येता. ह्येका काय होना नाय. मालवणी मा तुमी? इसारलात?"

दाजी मालवणचेच. त्यांनी खाचेवर बोट ठेवलं, मग शिळेला हात जोडले आणि माणसांना घेऊन खाली गेले. मी वळले तोवर बाईही मोळी घेऊन उतरली होती. नंतर पुष्कळ शोधलं. परळ, नायगाव, कुठेच दिसली नाही. ती कोण, हे मी आता विचारत नाही.

चैत्रात कुंभ्याला पालवी फुटली. करवंदी अजून परतलेली नाही, भारद्वाजही नाही. मी त्यांची वाट पाहते. त्या दिवशी मला वाटत होतं, झाडाला मी राखते आहे. खरं तर माझा सगळा भार त्यानेच पेलला होता. हे कळल्यावर देवीवरचा राग गेला.

त्या दिवशी झाडाला टेकून पातळाच्या पाठीवर लागलेली काजळी निघाली नाही. मावशी म्हणते टाकून दे. मी देवीला जाताना तेच नेसते.