माजघरावरचा माळा

पेणच्या माणसाला घरात जागा कमी पडली की तो जागा वाढवतो आणि त्या जागेत गणपती वाढवतो. मग जागा पुन्हा कमी पडते. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. आमच्या घरात हेच झालं, आणि ज्यांनी ते केलं ते माझे मोठे काका स्वतःला शेवटपर्यंत मोठे धोरणी समजत राहिले.

घर जुनं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. पडवीत गणपतींचा कारखाना, म्हणजे काका, माझे बाबा आणि हंगामाला येणारे दोघेतिघे कारागीर. भाद्रपदात मूर्ती गेल्या की घर थोडे दिवस घरासारखं दिसायचं. दिवाळी झाली की पुन्हा नव्या कच्च्या मूर्तींच्या रांगा लागायच्या. होळीपर्यंत ओटी जायची, आंब्यांच्या दिवसांत माजघर, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत स्वयंपाकघरातही एखादा लंबोदर आईच्या फोडणीचा वास घेत बसलेला असायचा. आम्ही अंग चोरून आडवं चालायचो. परकराचा घेर लागून एखादी सोंड तुटली तर मोडलेल्या सोंडेपेक्षा माझीच चर्चा जास्त व्हायची.

काकांचं याबाबतीत एक शास्त्र होतं. मूर्तीचे डोळे लिहिले नाहीत, म्हणजे रंगानं रेखले नाहीत, तोवर ती नुसती माती. डोळे लिहिले की देव. शास्त्र चांगलं होतं, पण ते चालायचं काकांच्या सोयीनं. त्यांना स्वतःला मूर्ती ओलांडून जायचं असलं, किंवा घामाचा सदरा वाळत घालायला एखादी सोंड हवी असली, की ती माती. आईनं तांदळाच्या डब्यासाठी तीच मूर्ती वीतभर सरकवायला घेतली की ती लगेच देव व्हायची, आणि देवाला उगाच हलवायचं नसतं. बाबा मान खाली घालून साच्यात शाडू दाबत राहायचे. त्यांचं मत काय होतं ते मला आजही माहीत नाही. मोठ्या भावापुढे त्यांना मत नसे.

आई तर काकांशी बोलतच नसे. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. काका ओटीवर आले की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. काकांनाही तिला काही सांगायचं असलं तर ते मला सांगायचे. आई चार हात अंतरावर भाकऱ्या थापत असायची, तिला सगळं ऐकू जायचं, तरी काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुझ्या आयशीला सांग गो, आज दोन माणसं जेवायला हायत." मग मी वळून आईला सांगायची, दोन माणसं जेवायला आहेत. आई मला सांगायची, सांग त्यांना, व्हय. मी काकांना सांगायची. या मूर्खपणात मी वाढले.

आईचं मागणं फार मोठं नव्हतं. तिला माजघर हवं होतं. लग्नात आणलेली पत्र्याची ट्रंक, लोणच्याच्या बरण्या, वर्षाचे तांदूळ, दोन गोधड्या, एवढं सगळं एका जागी ठेवायला आणि दुपारी घटकाभर पाठ टेकायला. लग्न होऊन आल्यापासून तिची ती ट्रंक घरभर फिरत होती. आज कुठल्या कोपऱ्यात आहे ते आईला शोधावं लागायचं. सणाला नेसायचं लुगडं काढायचं तर आधी गणपती हलवायचे, म्हणजे परत शास्त्र आडवं.

तेवढ्यात शाडू मागे पडला आणि प्लास्टर आलं. मूर्ती हलक्या झाल्या, मुंबईची मागणी वाढली आणि काकांच्या डोक्यात माळा शिरला. माजघराच्या तुळया दणकट होत्या. त्यांच्यावर फळ्या टाकायच्या, बाजूनं जिना काढायचा, आणि सगळा माल वर. काकांनी मला हाक मारली. "तुझ्या आयशीला सांग, गणपती वर गेले की माजघर तिचं." आई दारामागेच उभी होती. तिनं मला काही सांगायला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिनं कारण नसताना शिरा केला.

माळा झाला. सुतार जिना रुंद करायला बघत होता, तर काका त्याच्यावर डाफरले. जिन्याला जागा घालवायची तर माळा करायचा कशाला? मग जिना असा झाला की चढताना माणसाचे दोन्ही खांदे भिंतीला घासायचे. काका खाली उभे राहून जिन्याकडे कौतुकानं बघायचे. किती जागा वाचवली, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

खरं सांगायचं तर ते सात-आठ महिने आईच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे असावेत. तिनं माजघर सारवलं, भिंतीला चुना काढला. ट्रंक खिडकीखाली ठेवली आणि ती तिथेच राहिली. बरण्या फडताळात ओळीनं लागल्या. तांदळाची कणगी कोपऱ्यात उभी राहिली. दुपारी ती तिथे नुसती बसायची. काही निवडत नाही, काही शिवत नाही, नुसती. मी शाळेतून आले की मला ती तशी बसलेली दिसायची आणि मला फार बरं वाटायचं.

वरती काय चाललं होतं ते सांगायला हवं. काकांना माळा मिळाला होता आणि हाव सुटली होती. घरगुती मूर्तींवर भागेना. रामवाडीच्या एका मंडळानं माणसाएवढा गणपती सांगितला होता. खाली पडवीत गर्दी म्हणून काकांनी तो माळ्यावरच घडवायचा ठरवला. साचा तुकड्यातुकड्यांनी वर गेला. प्लास्टरच्या गोण्या वर गेल्या, काथ्या गेला, पाणी गेलं, कारागीर खांदे घासत वर गेले. सगळं अगदी सुरळीत वर गेलं. खाली काय आणायचंय, हा विचार मात्र पेणमध्ये नाव कमावलेल्या त्या कारखानदाराला सुचला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडळाची पोरं ढोलताशा घेऊन, टेम्पो दारात लावून उभी. गणपती रंगवलेला, डोळे लिहिलेला, म्हणजे आता खरोखरचा देव. उभा धरून पाहिला, आडवा करून पाहिला, तिरका धरून पाहिला. जिन्याच्या तोंडाशी पोट अडकायचं. पोट सुटलं तर हात अडकायचा. ताशेवाला वाजवून दमला आणि बिडी ओढायला बसला. शेजारीपाजारी येऊन सल्ले देऊ लागले. काका घामाघूम होऊन प्रत्येकावर ओरडत होते, जणू जिना दुसऱ्याच कुणी बांधला होता.

आपल्याकडे उंटावरच्या शहाण्याची गोष्ट सांगतात. सल्ला द्यायला आलेला तो उंटावरून उतरत नाही, दार पाडा म्हणतो. आमचा शहाणा बाहेरून यायचा नव्हता, घरातच राहत होता, एवढाच फरक. काकांनी वरून मला हाक मारली. "तुझ्या आयशीला सांग, माजघरातलं सामान उचल. फळ्या कापतोय."

आईनं ट्रंक ओढली. बरण्या एकेक करून स्वयंपाकघरात नेल्या. कणगी मात्र हलेना, तिच्यावर तिनं गोधडी टाकली. डोक्यावर करवत चालू झाली आणि भुसा आणि प्लास्टरची पूड तिच्या सारवलेल्या जमिनीवर पडू लागली. मग छताला पडलेल्या त्या भोकातून गजानन दोरखंडानं खाली आले आणि बरोबर आई बसायची त्या जागी टेकले. सगळ्यांनी मोरया केला. आईनंही हात जोडले. मी जोडले नाहीत.

टेम्पो गेल्यावर मला वाटलं, आता भोक बुजवतील. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दरवर्षी लागंल." आणि दरवर्षी लागलंही. माजघर गणपती उतरवायची जागा झाली. वरून बाराही महिने पांढरी पूड गळायची. तांदूळ कितीही धुतले तरी पहिलं पाणी पिठासारखं निघायचं. आईची ट्रंक पुन्हा फिरतीवर गेली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, मलाही नाही. त्याची चीड मला अजून आहे, तिचीही आणि काकांचीही.

पुढे मी लग्न होऊन रोह्याला आले. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टची नोकरी. आम्ही घेतलेलं घरही जुनं, कौलारूच. पहिल्याच आठवड्यात नवरा कौलांकडे बघत म्हणाला, "एवढी जागा फुकट जातेय. माळा टाकू या." मी त्याला म्हटलं, जागा फुकट जाऊ दे, तीच तर हवी आहे. तो घाबरून डबा घेऊन शिफ्टला निघून गेला. माळा टाकून त्यात भरणार काय होता, तर कंपनीतून आणलेले रसायनांचे रिकामे निळे ड्रम. रोह्यात हे ड्रम ज्याच्या घरी नाहीत असा माणूस मला अजून भेटायचाय.

बाबा गेल्यावर आईला मी रोह्याला आणलं. घरात एक बुजवलेलं दार होतं, त्याच्या कोनाड्यात सुताराकडून कपाट करून घेतलं. वर एक खण, खाली एक मोठा खण, दाराला कुलूप. किल्ली आईच्या हातात दिली. तिनं वरच्या खणात आपली लुगडी आणि स्वेटर ठेवला. खालचा रिकामाच ठेवला. ट्रंक त्यात मावली असती, तरी ती खाटेखाली. मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. कुणाचं काय नाय त्यात, बरं वाटतं." दुपारी ती कपाटाचं दार उघडून समोर बसायची. ते बसणं मी ओळखलं.

एका श्रावणात काका आले. म्हातारे झाले होते, पण खोड तीच. रोह्याच्या बाजारात स्टॉल लावणाऱ्या एकासाठी कच्च्या मूर्ती टेम्पोनं आणल्या होत्या आणि त्याची शेड गळत होती. मूर्ती आमच्या पडवीत उतरवून काका पाणी प्यायला आत आले. आई कपाटासमोर बसली होती, तिनं पदर डोक्यावर घेतला. काकांची नजर थेट खालच्या खणावर गेली. त्या माणसाला रिकामी जागा वासावरून कळायची.

"तुझ्या आयशीला सांग," ते मला म्हणाले, "खालचा खण मोकळाच हाय. चार मूर्ती बसतील आरामात."

मी इतक्या वर्षांच्या सवयीनं आईकडे वळले. आई गुडघ्यावर हात टेकून उठली होती. तिनं कपाटाचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि काकांकडे तोंड केलं.

"भावजी, डोळे लिहिलेत का मूर्तींचे?"

"नाय," काका बोलून गेले.

"मग माती हाय ती. माती पडवीत बरी."

काका माझ्याकडे बघू लागले, मी कुणाला तरी काहीतरी सांगावं म्हणून. मी चहा टाकायला आत गेले.