पेंटरचा डावा हात

गल्लीतल्या बालवाडीच्या बाईंना सगळे चिमटेताई म्हणत. मुलांच्या हाती पेन्सिल द्यायच्या आधी त्या कपड्यांचे चिमटे देत. दोरीला चिमटे लावा, काढा, कणीक मळा, कागद फाडा. बोटांत जोर आल्याशिवाय अक्षर नाही, हा त्यांचा कायदा. त्यापुढे त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

नेमका बापच आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्याच्या वळणदार अक्षरावर अख्खा बाजार फिदा.

"ताई, पोराला नेतो. समोरच्या क्लासात तीन वर्षांची पोरं बाराखडी लिहितात. आमचं चार वर्षांचं कार्टं बरण्यांची झाकणं उघडत फिरतंय. काल आजीची साडी दोरीवरून थेट चिखलात."

"बोटं तयार होतायत त्याची."

"पेंटरच्या पोराला साधा 'अ' येत नाही म्हणून लोक हसतात मला."

"मग दुखणं तुमचं आहे. औषध पोराला कशाला?"

ताईंचा पारा चढला होता, पण पुढचा हिशोबही दिसत होता. पेंटर गेला की त्याच्यामागून सगळी गल्ली जाणार आणि बालवाडीला कुलूप. त्यांनी त्याला उंच स्टुलावर बसवलं, मांडीवर पाटी ठेवली आणि डाव्या हातात खडू कोंबला.

"काढा 'अ'. लवकर. पोरं बघतायत."

पेंटर गालात हसला. पण डावा हात सख्खा असून सावत्रासारखा वागला. जीभ बाहेर आली, मान वाकडी झाली, लोंबकळते पाय आधार शोधू लागले. खडू कटकन मोडला. पाटीवर उमटलं त्याला पाय होते, शेपूटही असावी. मुलं खिदळली.

त्याचं पोरगं मात्र गंभीरपणे पुढे आलं. "बाबा, मूठ नको आवळू. चिमटीत धर. आणि रडू नको, हळूहळू येतं."

पेंटर कानापर्यंत लाल झाला.

"न्यायचंय ना पोराला?" ताईंनी विचारलं.

"राहू दे त्याला इथेच," तो पाटी पुसत म्हणाला. "तुम्ही दुसरा खडू द्या आधी."

शाळा सुटली, मुलं घरी गेली. दारात चपला घालून उभं असलेलं पोरगं कंटाळून म्हणालं, "बाबा, चल ना. भूक लागली."

"थांब रे. हा गोल तेवढा होऊ दे."