दिवाळीनंतर रेणू कुठे होती

या गोष्टीतली अर्धी माझ्या बायकोला ठाऊक आहे. उरलेली अर्धी माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही — बायकोपुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, हे मलाही नीट कळत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच कारण असेल.

गावात माझं नाव बरं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. गेवराईहून उमापूरकडे येताना रस्त्याच्या अंगालाच आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेचा मी चेअरमन, शाळेच्या समितीवर सदस्य. दसऱ्याच्या सुमारास शाळेत पालकांचा मेळावा होतो तेव्हा माइक हमखास माझ्या हातात येतो. आणि मी बोलतोही चांगला. बाबांनो, सहावी-सातवीचं वय लई नाजूक, ऊसतोडीला जाताना लेकरं बरोबर नेऊ नका. आजीकडे ठेवा, मामाकडे ठेवा, आत्याकडे ठेवा. आणि ज्याच्याकडे ठेवाल त्यानं रोज त्या लेकराजवळ घटकाभर बसावं, आज शाळेत काय झालं एवढं तरी विचारावं. टाळ्या पडतात. मग हेडमास्तर उठतात आणि म्हणतात, चेअरमनसाहेब नुसतं बोलत नाहीत, यांनी स्वतःच्या भाचीला घरात ठेवून शाळेत घातलं होतं. पुन्हा टाळ्या. मी हात जोडतो. दुसरं काय करणार? माइक हातात धरून काय सांगणार?

भाची म्हणजे रेणुका. घरात सगळे रेणूच म्हणायचे. आक्काची — माझ्या थोरल्या बहिणीची — एकुलती पोरगी. आक्का आणि दाजी दरवर्षी दिवाळी झाली की तोडीला खालच्या अंगाला, साखर कारखान्यांच्या मुलखात जायचे, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत तिकडेच. त्यांच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीत पोरीचे थोडे हाल झाले, मग सहावीला आक्कानं तिला माझ्याकडे आणून सोडलं. आई गेल्यापासून आक्काला माझ्या घराशिवाय दुसरं माहेर नव्हतं. हे लक्षात ठेवा. रेणूनंही ते लक्षात ठेवलं होतं, आणि त्याचंच तिला पुढे ओझं झालं.

माझा प्रशांत तिच्याच वर्गात. सहावीत रेणू पहिली आली. प्रशांत कितवा आला ते विचारू नका. वर्गशिक्षक एकदा रस्त्यावरून जाताना मुद्दाम गाडी थांबवून आमच्या ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि सगळा वेळ रेणूबद्दलच बोलले. प्रशांत तिथेच दाराला टेकून उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी हसत होतो. माझ्या घरातल्या पोरीचं कौतुक चाललं होतं ना? मग मला हसायला जड का गेलं?

याकडे मी परत येतो. आधी दुष्काळाचं सांगतो. सांगायला दुष्काळ सोपा असतो — त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. रेणूची ती सातवी. विहिरीनं तळ दाखवला, कडबा संपला, आणि दिवाळीनंतर माळावर चारा छावणी उघडली. आक्का त्याच आठवड्यात तोडीला निघाली होती. ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाली, "पोरीला काय बी काम सांग, पर तिची शाळा बुडू देऊ नगं." मी म्हणालो, "आक्का, तू बिनघोर जा."

छावणीचा नियम असा, की जनावरं रात्रंदिवस तिथेच राहायची आणि जनावरांपाशी घरचं माणूस हजर पाहिजे. तपासणीला साहेब कधी येतील त्याचा नेम नाही. दावणीला माणूस दिसलं नाही तर नाव कापलं जायचं. माझ्या दोन गाई, एक म्हैस आणि बैलजोडी. मी तेव्हा दूध संस्थेत दुधाची फॅट मोजायच्या कामाला होतो, सकाळ-संध्याकाळ तिथून हलता येत नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले, टँकर कधी येईल सांगता यायचं नाही, म्हणून बायको घरात अडकलेली. रात्री मी छावणीत झोपायचो. प्रश्न दिवसाचा होता.

दिवसा रेणू जायला लागली. आधी म्हणालो, चारच दिवस जा. मग म्हणालो, तपासणी होईपर्यंत जा. मग म्हणायचंच सोडून दिलं.

शाळेत काय सांगायचं? इथे मला काही डोकं चालवावं लागलं नाही. आमच्या भागात दिवाळीनंतर अर्धी बाकं रिकामी पडतात. कोण कुठे गेलं, हे मास्तर विचारत नाहीत, त्यांना उत्तर ठाऊकच असतं. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात वर्गातली पहिली पोरगी अशी नाहीशी झाली असती तर मास्तर घरी आला असता. मी रस्त्यात भेटून फक्त एवढंच म्हणालो, "सर, रेणू गेली आईबापासंगं." सरांनी मान हलवली. झालं. प्रशांतलाही तेच बोलायला शिकवलं. तो पटकन शिकला.

म्हणजे शाळेच्या हिशोबानं पोरगी आईबापाकडे होती, आईबापाच्या हिशोबानं शाळेत होती. आणि होती कुठे, तर माळावर, म्हशीच्या दावणीपाशी. गाव बघत होतं, पण गावाला त्यात वावगं काय दिसणार? मामाच्या घरी राहते तर मामाचं काम करते, ते मास्तरला कोण कशाला सांगायला जाईल?

तोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवरून आक्का अधूनमधून संस्थेच्या फोनवर फोन करायची. मी रेणूला बोलावून घ्यायचो आणि शेजारी उभा राहायचो. "व्हय आई, जाते की. आब्यास बी करते." असं बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही, फोनच्या वायरीकडे बघायची. सरांचा रोजचा रस्ता छावणीवरूनच होता. मी तिला बजावून ठेवलं होतं, सरांची गाडी दिसली की आत व्हायचं, मान वर काढायची नाही. तेरा वर्षांची पोर शाळेच्या वेळेला मास्तरापासून लपून बसायची, आणि लपवणारा कोण, तर मामा.

आता ते राहिलेलं सांगतो. छावणीत एक दिवस प्रशांतला पाठवायचं, एक दिवस रेणूला — असं करता आलं नसतं का? आलं असतं. बायको एकदा म्हणालीही होती. मी तिला म्हणालो, प्रशांतचं गणित कच्चं आहे, त्याची शाळा बुडवून चालणार नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण तेवढंच नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर सर बसले होते, ते मला खुपत होतं. रेणू वर्गात नसली की प्रशांत वर सरकेल, असं मला वाटलं होतं. हे मी मनाशी बोललोसुद्धा होतो. एका पोरीवर मी जळत होतो, आणि ती माझ्याच ताटात जेवत होती.

आणि मग तो दिवस. उन्हं चढली होती. मी संस्थेतून डबा घेऊन छावणीत आलो होतो, आणि सरांची गाडी रस्त्यावरून न जाता सरळ आत वळली. सगळं गाव छावणीत, म्हणून पोरांच्या चौकशीला पालकांना गाठायला आले होते. रेणू पळाली ती चाऱ्याच्या ढिगामागे. चारा म्हणजे ऊसच — तिचे आईबाप तिकडे ऊस तोडत होते आणि इकडे छावणीत जनावरांना ऊसच यायचा. सर माझ्याच छपराच्या सावलीला बसले. पाणी मागितलं. ढीग हाताच्या अंतरावर होता.

सर म्हणाले, "तुमची भाची फार गुणाची पोरगी होती हो. यंदा तिला स्कॉलरशिपला बसवणार होतो मी. तुम्ही तिला ठेवून घ्यायला पाहिजे होतं."

बघा, तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. परीक्षा लांब होती. रेणू, बाहेर ये, एवढं म्हणायचं होतं. सर रागावले असते, फार तर चार माणसांत बोलले असते. मी काय म्हणालो?

म्हणालो, "आमी लई सांगितलं, सर. तीच ऐकंना. पुस्तक दिसलं की डोकं दुखतंय म्हनायची. तिलाच शिकायचं न्हाई, त्याला आपुन काय करणार?"

एवढं सगळं बोलायची गरजही नव्हती. आधीचं खोटं पुरेसं होतं. सर म्हणाले, "मला तसं कधी वाटलं नव्हतं." पाणी संपवलं आणि गेले. पुन्हा त्यांनी तिचं नाव काढलं नाही.

गाडीचा आवाज विरला तशी रेणू बाहेर आली. केसांत पाचट, गालावर पानांचे ओरखडे. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मामा, तसं कावून म्हणलाव? मी कवा म्हणले?"

मी म्हणालो, "गप. म्हशीला पाणी दाव."

तिनं म्हशीला पाणी दाखवलं.

उन्हाळ्यात आक्का-दाजी परतले. आक्का हौसेनं शाळेत निकाल विचारायला गेली, तेव्हा सर तिलाच म्हणाले, ती तर तुमच्याबरोबर होती ना? आक्का घरी आली ती चेहरा पाडून. आम्ही सगळे ओसरीत होतो. मी तयारच होतो. म्हणालो, पोरगी शाळेत जाईना, छावणीत येऊन बसायची, सरांपुढे अब्रू जाऊ नये म्हणून मी तसं सांगितलं. मग सगळ्यांनी रेणूकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. खरं बोलली असती तर आक्काचं माहेर त्या ओसरीतच तुटलं असतं. तेवढी अक्कल तिला होती. मलाही माहीत होतं की तिला ती आहे. मी त्याच भरवशावर बसलो होतो.

"व्हय," ती म्हणाली, "मलाच न्हाई जायचं."

दाजींनी तिच्या कानाखाली वाजवली. मी मध्ये पडलो नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

पुढच्या दिवाळीनंतर रेणूच्या हातात कोयता आला. आणखी दोन-तीन हंगाम झाले आणि तिचं लग्न उरकलं — वय बसत नव्हतं तरी. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल देतो ती जोडीलाच, तेव्हा मुलाकडच्यांनाही घाई होती. मांडवात भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या. मी तिला घेऊन आलो. मंगलाष्टकं होईपर्यंत रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीशी मीच उभा होतो.

परवाच्या हंगामाला ती जोडी निघाली, तेव्हा आक्काच्या पाया पडायला आमच्या दारात थांबली. आक्का आता थकली, माझ्याकडेच असते. रेणूची पोरगी प्रतीक्षा आता सहावीत. चुणचुणीत आहे. मेळाव्यातलं माझं भाषण अजून ताजंच होतं. मी म्हणालो, "रेणू, पोरीला माझ्याकडं ठेव. दारात शाळा हाय. मी बघतो तिचं." आणि मला वाटलं — खोटं कशाला बोलू — मला वाटलं, आता फिटेल.

आक्का हरखली. "ठेव की गं. मामा आपनहून म्हणतोय. तुलाबी त्यानंच संभाळलं."

रेणू पोरीची वेणी घालत होती. वेणी पुरी झाली तरी तिनं पोरीच्या खांद्यावरचा हात काढला नाही. "न्हाई मामा. माझ्यासंगंच बरी."

"आगं, शाळा बुडंल तिची," आक्का म्हणाली.

"बुडंल," रेणू म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पर माझ्यामुळं बुडाली, आसं मी तिला सांगन. तूच शिकली न्हाईस, आसं न्हाई म्हननार."

आक्काला त्यातलं काही कळलं नाही. पोरगी दप्तरासकट ट्रॉलीत चढली, रेणू तिच्या मागे चढली, आणि ट्रॅक्टर गेला. आक्का कितीतरी वेळ चडफडत होती. मामानं एवढ्या मायेनं म्हणावं, आन् या पोरीला कदर न्हाई. पहिल्यापासूनच डोक्यात शाळा न्हाई तिच्या, आता लेकीचंबी तसंच करती.

मी शेजारीच बसलो होतो.