पहिलीच्या सहलीत शेळी

“बाई, ही शेळी कितवीत आहे?” दिपोटी साहेबांनी विचारलं.

डोंगराच्या पायथ्याशी माझी पहिलीची पोरं रांगेत उभी होती आणि रांगेच्या शेवटी शाली, शेळीचं दावं धरून. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. ते यायचे म्हटलं की हेडमास्तरांना आदल्या दिवसापासून घाम फुटायचा. सत्तरच्या दशकात ‘परिसर अभ्यास’ हा विषय नवा होता. झाड पुस्तकात दाखवायचं नाही, झाडापाशी नेऊन दाखवायचं. पलूस-कुंडलच्या बाजूला आमची शाळा डोंगराला टेकलेली, म्हणून साहेबांनी नमुन्याची सहल आमच्याच गळ्यात मारली.

पण आमच्या गावात बिनकामाचं डोंगरावर कोण जाणार? आयांनी पोरांच्या हाती पाट्या दिल्या होत्या, येताना काटक्या भरून आणायला. शालीच्या आईनं शेळीच दिली.

“तिला घरी पाठवा,” साहेब म्हणाले.

“शेळी गेली की मी बी जानार,” शाली म्हणाली. “आई म्हनली, शेळी उपाशी ऱ्हायली तर उद्यापास्नं साळा बंद.”

बंद म्हणजे बंदच. शालीच्या दोन्ही बहिणी अशाच शेळीमागं गेल्या, त्या वर्गात परत आल्या नाहीत. ही सहा वर्षांची पोर प्रश्न विचारून माझं डोकं खायची आणि मला ती फार आवडायची. तिला मी सोडणार नव्हते.

“साहेब, शेळी परिसरातच येते की,” मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेळीकडे. दोघींत फारसा फरक दिसला नसावा. “चला,” म्हणाले.

लहान पोरांना डोंगरावर नेणं म्हणजे चालणं कमी, थांबणं जास्त. एकाला मुंगळा दिसतो, दुसऱ्याला शी लागते, तिसरा उगाचच बसकण मारतो. ट्रेनिंगमध्ये यातलं काही शिकवलेलं नव्हतं. साहेब कंटाळून पुढं गेले. आम्ही वर पोचलो तेव्हा ते झाडाखाली डोळे मिटून बसले होते आणि टोपी शेजारच्या दगडावर. कडक कांजी केलेली पांढरी टोपी. कांजी तांदळाची, हे शेळीला वासावरून कळलं. मी ओरडेपर्यंत अर्धी टोपी पोटात गेली होती.

“माझी साळा गेली!” शालीनं भोकाड पसरलं. रडत उतरताना ती पडली, गुडघा फुटला. माझ्या एका हाताला शेळी, दुसऱ्या हाताला पेंगुळलेलं पोर. शेवटी साहेबांनीच तिला मुकाट्यानं खांद्यावर घेतलं.

त्या काळी आमच्याकडे मोठा माणूस उघड्या डोक्यानं गावात शिरला की लोक एकच अर्थ काढत, कुणीतरी गेलं. इथं तर साहेबांचं डोकं बोडकं, खांद्यावर मान टाकून झोपलेली पोर, मागं दमून गप्प झालेली रांग. वेशीवरच्या बायकांनी लांबूनच हंबरडा फोडला. शालीची आई अनवाणी पळत आली.

एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन हात जोडले. “कोन गेलं, सायेब?”

“टोपी,” साहेब म्हणाले.

आरडाओरड्यानं शाली जागी झाली. “आई, आपल्या शेळीनं खाल्ली.”

आधी कुणाला काही उमजेना. मग हसण्याचा असा गलका उठला की बिचारी शेळीच बिथरली. शालीच्या आईनं पोरीला एक धपाटा घातला, मग छातीशी धरून ढसाढसा रडली.

“चुकलं सायेब,” ती म्हणाली. “आता न्हाई धाडत हिला साळंला.”

“वा! माझी टोपी खायची आणि वर शाळा बुडवायची?” साहेब कडाडले. “पोरगी रोज आली पाहिजे. बाई, शाळेमागं गवत आहे ना? तिथं एक खुंटी ठोका. शेळी तिथं चरेल, पोरगी आत बसेल. ही माझी ऑर्डर आहे.”

खुंटी मीच ठोकली. पुढं तिथं आणखी दोन शेळ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर दोन मुली. शाली सातवी पास झाली. नोकरीभर मी पटसंख्या वाढवण्यावरची भाषणं ऐकली. पोर हवी असेल तर शेळीसकट घ्या, एवढं मात्र कुणी सांगितलं नाही.