स्वखुशीचा राजीनामा

त्या दुष्काळात आमच्या शहरातल्या गारखेड्यात रोज नवी इमारत उभी राहत होती आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. कंपनीचंही पाणी तोडलं, तसं आमचं प्लेटिंगचं, म्हणजे भरपूर पाणी लागणारं धातूच्या मुलाम्याचं, खातं बंद करायचं ठरलं. मी तिथं स्टोअरकीपर. साहेबांनी आम्हा सहाजणांना सांगितलं, "महिनाअखेर तुम्हाला कमी करतोय. तसं पत्र मिळेल."

ते मला झोंबलं. 'जावयाला काढलं' ही बातमी सिल्लोडला सासुरवाडीत पोचली, तर पुढच्या लग्नात माझ्या डोक्याला फेटा सगळ्यांच्या शेवटी बांधला जाणार, हे नक्की. म्हणून पत्र यायच्या आधीच मी सुवाच्य अक्षरात राजीनामा दिला. 'वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने.' पाहुण्यांत मिरवलोही, की नोकरी आपणच सोडली!

पुढं कळलं, कामगार विम्यातून बेकारांना तीन महिने भत्ता मिळतो. घरात माझा एकट्याचा पगार. भत्ता मिळाला तर लेकीची बारावीची शिकवणी सुटणार नव्हती. मी विमा कार्यालय गाठलं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दोन वर्षं विमा भरलाय?"

"अकरा वर्षं."

"गैरवर्तनाची कारवाई?"

"छे!"

"कंपनीनं काढलं ना?"

"नाय नाय, मी स्वतःच सोडली," मी सवयीनं छाती काढून म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, स्वतःहून सोडणाऱ्याला भत्ता नसतो."

"तसं नाय बाई, खरं तर काढलंच मला!"

रांगेत आमच्याच खात्यातला एकजण होता, हातात कंपनीचं पत्र. "दादा, तुमचा राजीनामा लई भारी होता. साहेबांनी वाचून दाखवला आम्हाला." रांग हसली.

साहेबांकडं गेलो, तर ते म्हणाले, "फायलीत तुमच्या सहीचा कागद आहे. मी उलटं कसं लिहून देऊ?" त्यांचंही खरंच होतं.

घरी सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच भावाला फोन लावला. "दादा, ह्यांना कामावरून काढलंय. तुझ्या मक्याच्या गोदामावर माणूस पाहिजे होता ना?"

"एवढंच व्हय? सोमवारी पाठव की."

सोमवारी सकाळच्या एसटीनं सिल्लोडला उतरलो. मेहुण्यानं हमालांना ओळख करून दिली, "हे आमचे दाजी. कंपनीनं काढलंय."

मी मान डोलावली. लेक तेव्हा शिकवणीला बसलेली असणार.