भावजयीच्या पेशी

माजिवड्याजवळच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे आम्ही पेशी वाढवतो आणि त्या ऐन दुभंगायला निघाल्या की त्यांना मारतो. ऐकायला बरं वाटत नाही, पण काम तेच आहे. एरवी पेशीतली गुणसूत्रं म्हणजे नुसता गुंता असतो. एकीच्या दोन व्हायच्या आधी पेशी प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत काढते. मग ती आखडून जाड होतात, मधोमध रांगेत येतात आणि प्रत्येकाची एकेक प्रत दोन टोकांना ओढली जाते. त्या ओढाओढीच्या आधी औषध घालून आम्ही त्यांना थांबवतो, कारण तेव्हाच ती मोजता येतात. शेहेचाळीस भरली की आम्ही खूश.

मध्यंतरी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा पोटुशी असतानाचा रक्ताचा रिपोर्ट जोखमीचा आला. बाळाला एक गुणसूत्र जास्त असू शकेल, असं डॉक्टर म्हणाले आणि गर्भाभोवतीचं पाणी काढून आमच्याच लॅबला पाठवलं. त्या पाण्यात बाळाच्या पेशी असतात. मोजायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, असं मी आमच्या मॅडमना सांगितलं. त्यांना पटलं. पेशी वाढवायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं.

सुरुवातीला काही म्हणजे काही झालं नाही. फ्लास्कच्या तळाला चार पेशी चिकटलेल्या, त्याही ढिम्म. शेजारच्या फ्लास्कमधल्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होतायत आणि आमच्या घरच्या नखरे करत बसल्यायत. वाढल्याच नसत्या तर भावजयीला पुन्हा सुई, पुन्हा वाट बघणं. मी सगळ्यांवर डाफरत होते. भीती वाटत होती, दुसरं काय!

भावजय रोज फोन करायची आणि एकच विचारायची, वाढतायत का. आईचाही फोन यायचा, पण तिला भलतंच हवं होतं. मुलगा की मुलगी हे आम्हाला भिंगाखाली दिसतं आणि ते सांगणं गुन्हा आहे, या दोन्ही गोष्टी आमच्या अख्ख्या मानपाड्याला पाठ आहेत. आडून आडून विचारणाऱ्या शेजारणींना मी तोंडावर गप्प करते. जन्मदात्रीचं काय करायचं?

मग एका सकाळी गोल, चकचकीत पेशी दिसल्या. दुभंगायला निघालेली पेशी तळ सोडून अशी गोल होते. मी औषध घातलं, काचा बनवल्या आणि पेशी नीट पसरल्यात की नाही, एवढंच दहाच्या भिंगातून पाहिलं. शंभरचं भिंग फिरवलं असतं तर सगळं कळलं असतं. मी काचा पुढे देऊन टाकल्या.

रिपोर्ट आला, शेहेचाळीस. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

माहेरी जाताना काहीतरी गोड न्यावंसं वाटलं. बस शीळफाट्याला अडकली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पेढे नेले तर मुलगा, बर्फी नेली तर मुलगी. झालं! शेवटी फरसाण घेतलं. आई पुडा उघडून बघत राहिली. मुलगीच असणार, म्हणाली, नाहीतर पेढे आणले असतेस. मी तिला सांगितलं, बाळ चांगलं आहे आणि बाकीचं मी पाहिलेलंच नाही. "पाहिलं नाही म्हणे," असं पुटपुटत तिने पुडा मुडपून ओट्यावर ठेवला. बाळ चांगलं आहे हे तिच्या कानात शिरलंच नव्हतं. माझं डोकं सणकलं, पण भावजय समोर होती म्हणून नुसती पिशवी उचलली.

निघाले तशी भावजय दारापर्यंत आली. रिपोर्टबद्दल ती अजून एक अक्षर बोलली नव्हती. दार ओढून घेत तिने हळूच विचारलं, "ताई, खरंच नाही ना बघितलंत?"

मी शपथ घेतली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आईंना काय वाटायचं ते वाटू दे. नक्की कळत नाही तोवर ते नुसतं बाळ आहे. तेवढे महिने तरी त्याला कुणी नको म्हणणार नाही."